रोड बाइक की एमटीबी? शर्यतीची सायकल घेण्यापूर्वी समजून घ्यायच्या गोष्टी

जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची सायकल शर्यत झाली, आणि तेव्हापासून आमच्या इंदूरमधील मराठी घरांतही सायकल शर्यतींची चर्चा पूर्वीपेक्षा अधिक ऐकू येऊ लागली आहे. लोकमान्य नगरात आमच्या शेजारी अकरावीत शिकणारी एक मुलगी राहते. गेले वर्षभर ती दर रविवारी पहाटे सुपर कॉरिडॉरवर सायकल चालवायला जाते आणि आता तिला शर्यतीत उतरायचे आहे. परवा तिच्या वडिलांनी मला विचारले, "अहो काका, तिच्याकडे गिअरची, जाड टायरची चांगली सायकल आहेच. मग ती पातळ टायरची, वाकड्या हँडलची सायकल वेगळी कशाला हवी? आणि घेतलीच, तर उद्या जानापावचा डोंगर ती त्या सायकलीवर कशी चढणार?"

या दोन प्रश्नांत बहुतेक पालकांच्या मनातला सगळा गोंधळ आलेला आहे. दुकानात गेल्यावर तो आणखी वाढतो, कारण तिथे सायकलीची किंमत, रंग आणि गिअरची संख्या सांगितली जाते, पण ती सायकल कोणत्या जमिनीसाठी बनवली आहे हे क्वचितच सांगितले जाते. म्हणून हा विषय मुळापासून मांडतो.

दोन सायकलींची ओळख

रोड बाइक म्हणजे डांबरी किंवा सिमेंटच्या पक्क्या रस्त्यावर वेगाने जाण्यासाठी बनवलेली सायकल. तिचे टायर साधारण २५ ते ३२ मिलिमीटर रुंद आणि जवळजवळ गुळगुळीत असतात, हँडल खाली वळलेले असते (याला ड्रॉप हँडल म्हणतात), आणि वजन साधारण ७ ते १० किलो भरते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने, म्हणजे यूसीआयने, शर्यतीतील सायकलीचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा नियमच केलेला आहे. हलकेपणाची ओढ किती असते, हे त्यावरून लक्षात यावे.

एमटीबी म्हणजे माउंटन बाइक. तिचे हँडल सरळ आणि रुंद असते, टायर २.१ ते २.४ इंच जाडीचे आणि खडबडीत उंचवट्यांचे असतात, आणि पुढच्या चिमट्यात (पुढचे चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दांड्यांत) धक्के शोषणारी यंत्रणा असते, जिला सस्पेन्शन म्हणतात. काही सायकलींत मागच्या चाकालाही सस्पेन्शन असते. शर्यतीच्या दर्जाची साधी एमटीबी ११ ते १४ किलोंची असते. स्वस्त सायकली याहून बऱ्याच जड असतात.

रस्त्यावरची सायकल शर्यत १८९६ साली अथेन्सच्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्येही होती. एमटीबीचा जन्म मात्र १९७० च्या दशकातला. कॅलिफोर्नियातील काही तरुण जुन्या जड सायकली डोंगरावरच्या कच्च्या वाटांवरून खाली सोडत असत आणि त्यातून हा प्रकार वाढला. ऑलिंपिकमध्ये तो बरोबर शंभर वर्षांनी, १९९६ साली अटलांटा येथे आला. ऑलिंपिकमधल्या एमटीबी शर्यतीला क्रॉस-कंट्री म्हणतात. झाडी, मुळे, दगड आणि तीव्र उतार असलेल्या कच्च्या वर्तुळाकार मार्गाच्या अनेक फेऱ्या साधारण दीड तासात पूर्ण कराव्या लागतात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. पुष्कळांना वाटते की फरक चाकाच्या आकाराचा आहे. प्रत्यक्षात रोड बाइकचे "७०० सी" चाक आणि एमटीबीचे "२९ इंची" चाक यांच्या रिमवर टायर जिथे बसतो तो व्यास एकच, ६२२ मिलिमीटर असतो. नावे वेगळी पडली ती केवळ टायरच्या जाडीमुळे आणि परंपरेमुळे.

नावामुळे होणारी फसगत

"माउंटन बाइक" या नावाने सर्वाधिक दिशाभूल होते. डोंगर चढायचा असेल तर माउंटन बाइक हवी, असा सरळ अर्थ लोक काढतात आणि शेजाऱ्यांचा दुसरा प्रश्नही त्यातूनच आला होता. मात्र टूर दि फ्रान्समध्ये आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांतील मोठमोठे घाट रोड बाइकवरच चढले जातात. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला "घाटाचा राजा" म्हणण्याची जुनी प्रथा आहे, आणि तो मानही रोड बाइकवरच्या स्वारांनीच मिळवलेला आहे. तेव्हा चढ किती आहे, यापेक्षा चाकाखाली काय आहे हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

जानापावचेच उदाहरण घेऊ. माथ्यावरच्या मंदिरापर्यंत पक्का रस्ता जातो; त्या रस्त्याने चढायचे असेल तर रोड बाइक उत्तम. त्याच डोंगराच्या अंगावरील दगडधोंड्यांच्या पायवाटेने जायचे असेल, तर एमटीबीवाचून गत्यंतर नाही.

वारा हा पहिला प्रतिस्पर्धी

सायकलस्वाराची ताकद नेमकी कशात खर्च होते, हे कळल्याशिवाय दोन सायकलींतील फरक कळणार नाही. ती प्रामुख्याने तीन ठिकाणी खर्च होते: वारा कापण्यात, टायर घरंगळवण्यात, आणि चढ असेल तर वजन वर नेण्यात.

जेठ महिन्यात माळव्यात सुटणारा वारा ज्यांनी अनुभवला आहे, त्यांनी गच्चीवरची दोरी आठवावी. नऊवारी साडी पूर्ण उलगडून वाळत घातली तर वारा तिला पार ओढून नेऊ पाहतो, चिमटे निसटतात; तीच साडी चौपदरी घडी करून टाकली तर जागची फारशी हलत नाही. कापड तेच, वजन तेच. वाऱ्यासमोर मांडलेला पसारा तेवढा कमी झालेला असतो. सायकलस्वाराच्या शरीराचे असेच आहे. वाऱ्याचा बहुतांश विरोध सायकलीला होत नाही, तिच्यावर बसलेल्या माणसाला होतो. एमटीबीच्या रुंद हँडलवर हात पसरून, छाती उभी ठेवून बसलेला स्वार उलगडलेल्या साडीसारखा असतो. ड्रॉप हँडलवर कोपरे आत घेऊन वाकलेला स्वार घडी केलेल्या साडीसारखा.

वाऱ्याचा दुसरा गुण अधिक त्रासदायक आहे. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा विरोध चौपट होतो, आणि त्या विरोधाविरुद्ध लागणारी ताकद आठपट होते. ताशी १५ किलोमीटर वेगाने रमतगमत जाणाऱ्याला सायकलीचा प्रकार फारसा जाणवत नाही. ताशी ३० किलोमीटरला मात्र सपाट रस्त्यावर स्वाराच्या ताकदीचा सर्वांत मोठा वाटा वाराच खातो. रोज शाळेत किंवा भाजी आणायला जाताना दोन सायकलींत फरक वाटत नाही आणि शर्यतीत तो डोंगराएवढा होतो, याचे कारण हे आहे.

रस्त्यावरच्या शर्यतीत स्वार एकमेकांच्या मागे अगदी जवळून का चालतात, हेही यावरून समजेल. पुढच्याने वारा कापला की मागच्याची सुमारे तिसरा हिस्सा ताकद वाचू शकते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. संपूर्ण रस्ता-शर्यतीचे डावपेच या एका गोष्टीभोवती फिरतात, म्हणून हा शब्द लक्षात ठेवावा. पुढे नियमांच्या संदर्भात तो पुन्हा येईल.

टायर आणि कणीक

आता टायर. हवा भरलेला टायर जमिनीला टेकतो तिथे थोडा चपटा होतो, आणि चाक पुढे गेले की पुन्हा गोल होतो. प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग असा एकदा दबतो आणि एकदा उठतो. कणीक मळताना हाताला जो जोर लागतो तो पूर्ण परत मिळत नाही, कणकेतच मुरतो. रबराचेही तसेच आहे: दाबताना दिलेली ताकद पुरती परत येत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. रबर जितके जाड आणि त्यावरचे उंचवटे जितके मोठे, तितकी ही कणीक घट्ट आणि तितका जोर वाया. चांगल्या रोड टायरच्या तुलनेत एमटीबीचा उंचवट्यांचा टायर डांबरावर दुपटीहून अधिक विरोध करतो. सपाट डांबरी रस्त्यावर एमटीबी चालवताना जो घूंऽऽ असा आवाज येतो, तो वाया जाणाऱ्या ताकदीचाच आवाज आहे.

इथे एक बारकावा सांगणे आवश्यक वाटते. "टायर जितका पातळ तितका वेगवान" ही जुनी समजूत आता तज्ज्ञांनी सोडून दिली आहे. पूर्वी शर्यतींत २३ मिलिमीटरचे टायर दगडासारखे कडक फुगवून वापरत. आज अव्वल स्वार २८ मिलिमीटर आणि त्याहून रुंद टायर कमी हवेवर वापरतात, कारण खडबडीत रस्त्यावर अतिकडक टायर सतत उसळतो आणि त्या उसळण्यातही ताकद जाते. तेव्हा एमटीबी डांबरावर मंद असते ती केवळ रुंदीमुळे नव्हे. जाड रबर, उंचवटे आणि फार कमी हवा यांच्यामुळे.

हा फरक प्रत्यक्ष किती? माझा एक ढोबळ हिशेब देतो. सत्तर किलोंचा स्वार, वारा पडलेला, सुपर कॉरिडॉरसारखा सपाट डांबरी रस्ता आणि ताशी ३० किलोमीटरचा वेग गृहीत धरला, तर रोड बाइकवर साधारण १४५ ते १५० वॅट लागतात आणि एमटीबीवर साधारण २२० ते २२५. वॅट हे ताकदीचे माप आहे, आणि घरातला साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट खातो. म्हणजे एक स्वार दोन पंख्यांएवढी ताकद लावतो आहे आणि त्याच्या शेजारून त्याच वेगाने जाणारा दुसरा तीन पंख्यांएवढी. उलट बाजूने पाहिले, तर रोड बाइकवर ताशी ३० किलोमीटर देणारी ताकद एमटीबीवर ताशी २४ ते २५ किलोमीटरच देते. वीस किलोमीटरच्या शर्यतीत एक जण चाळीस मिनिटांत पोहोचेल आणि तितकेच कष्ट केलेला दुसरा सुमारे एकोणपन्नास मिनिटांत. नऊ मिनिटांचा हा फरक सरावाने भरून काढणे तरुण स्वारालाही जवळजवळ अशक्य आहे, आणि मुलांना आपण कमी पडतो असे वाटू लागते ते अनेकदा याच कारणाने. त्यात त्यांचा दोष नसतो.

चढावर वेग कमी होतो, त्यामुळे वाऱ्याचे महत्त्व घटते आणि वजनाचे वाढते. सायकलीतला पाच किलोंचा फरक म्हणजे पाच किलो आट्याची पिशवी पाठीवर घेऊन चढण्यासारखे. स्वार आणि सायकल मिळून ७५ ऐवजी ८० किलो झाले, तर अर्ध्या तासाच्या घाटात त्यानेच सुमारे दोन मिनिटे जास्त लागतात.

गिअर

"माझ्या सायकलीला २१ गिअर आहेत" हे वाक्य अनेकदा अभिमानाने ऐकू येते, पण गिअरची संख्या वेग सांगत नाही. पुढच्या चक्रीचे दात भागिले मागच्या चक्रीचे दात, एवढेच गणित महत्त्वाचे. रोड बाइकवर पुढे ५० आणि मागे ११ दात असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ९.७ मीटर जाते. मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी ५२ किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. आजच्या एमटीबीला पुढे बहुधा ३२ दातांची एकच चक्री असते. मागे ११ दातांवर तितक्याच फेऱ्यांत वेग ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास थांबतो. उतारावर किंवा शेवटच्या धावेत एमटीबीवाला पाय भराभरा फिरवत राहतो आणि तरी मागे पडतो. याची भरपाई दुसऱ्या टोकाला होते. मागे ५१ दातांची चक्री असलेली एमटीबी एका फेरीत जेमतेम दीड मीटर जाते, आणि म्हणूनच माणूस चालताना धापा टाकेल अशा कच्च्या चढावरही ती चढत राहते.

इंदूरच्या दोन बाजू

आपले शहर या बाबतीत भाग्यवान आहे. उत्तरेला उज्जैन आणि देवासकडे माळव्याचे पठार पसरलेले आहे; तिकडचे रस्ते बऱ्याच प्रमाणात सपाट आणि लांब. दक्षिणेला महू, मानपूर, सिमरोल आणि चोरलच्या बाजूला हेच पठार संपते आणि विंध्याची कडा नर्मदेच्या खोऱ्याकडे उतरते. भेरूघाटाच्या वळणांवरून ज्यांनी खंडव्याचा प्रवास केला आहे, त्यांना ही कडा ठाऊक आहे. घाटात डांबर आहे तोवर रोड बाइक चालते. (भेरूघाटात अवजड ट्रकची वर्दळ असते, त्यामुळे सरावासाठी एकट्या मुलांनी तिथे जाऊ नये.) डांबर सोडून पाताळपाणी किंवा चोरलच्या जंगलातील वाटांना लागलो की एमटीबीचे राज्य सुरू होते.

त्या वाटांवर रोड बाइक का हरते? तिथे वेग ताशी दहा-पंधरा किलोमीटर असतो, त्यामुळे वाऱ्याचा मुद्दा गौण होतो, आणि रस्त्यावर दोष ठरलेला प्रत्येक गुण कामी येतो. वीस-पंचवीस पीएसआय इतक्या कमी हवेचा (पीएसआय हे हवेच्या दाबाचे माप) जाड टायर दगडावर उशीसारखा बसतो आणि त्याला धरून ठेवतो. कडक पातळ टायर त्याच दगडावरून सटकतो. पुढचे सस्पेन्शन चाक जमिनीवर टेकलेले ठेवते, आणि चाक टेकलेले असेल तरच ब्रेक लागतो व सायकल वळते. एमटीबीचा चिमटा पुढे अधिक झुकलेला असतो, त्यामुळे पुढचे चाक स्वारापासून लांब राहते आणि तीव्र उतारावर डोक्यावरून पुढे फेकले जाण्याची भीती कमी होते. रुंद हँडलमुळे दगडाला आपटलेले चाक हातातून वळून जात नाही.

आपल्या काळ्या मातीचा विचार वेगळा करावा लागतो. "मालव माटी गहन गंभीर, डग-डग रोटी, पग-पग नीर" असे जिचे वर्णन करतात, ती माती शेतकऱ्याला वरदान असली तरी सायकलस्वाराला अवघड आहे. पावसात ती फुगते आणि चिकटते. शेतातून चालताना चपलेला लागून पावलागणिक जड होणारी माती चाकालाही तशीच लागते, आणि टायर व चिमटा यांच्यामधली जागा भरून चाक अक्षरशः अडते. रोड बाइकमध्ये ही जागा काही मिलिमीटरच असते, त्यामुळे ती शेताच्या वाटेवर पन्नास पावलेही जाणार नाही. एमटीबीही फार पुढे जात नाही. चिखलातल्या शर्यतींत स्वार जाड टायरऐवजी मुद्दाम थोडे अरुंद, दूर दूर उंचवटे असलेले टायर लावतात, कारण त्यातून चिखल निसटतो. आमच्याकडे मात्र मोठा पाऊस झाल्यावर दोन दिवस कच्ची वाट टाळणे हाच शहाणपणा आहे. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, आणि त्या भेगेत रोड बाइकचे चाक सहज अडकू शकते.

"पण आपले रस्ते खराब आहेत, मग जाड टायरच बरे ना?"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. तरीही फ्रान्समधील पॅरिस-रुबे या शर्यतीकडे पाहावे. पुरुषांच्या शर्यतीत ओबडधोबड दगडी फरसबंदीचा पन्नास किलोमीटरहून अधिक रस्ता असतो, आपल्या कोणत्याही उखडलेल्या रस्त्याहून वाईट. तरी ती रोड बाइकवर, फक्त रुंद टायर लावून पळवली जाते. सस्पेन्शनचा प्रयोगही तिथे होऊन गेला आहे. १९९२ आणि १९९३ मध्ये गिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी सस्पेन्शनच्या चिमट्यासह ती शर्यत जिंकली. पुढे तो मार्ग रुळला नाही, आणि रुंद टायर व कमी हवा यांनीच प्रश्न बराचसा सोडवला.

खड्ड्यांत रोड बाइकचे पंक्चर होते ते बहुधा चुकीच्या हवेमुळे. हवा फार कमी असेल, तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. सायकलस्वार त्याला सापाचा दंश म्हणतात. हवा फार जास्त असेल, तर धक्के हातांत जातात आणि पकड कमी होते. साठ-पासष्ट किलोंच्या स्वाराने २८ मिलिमीटरच्या टायरमध्ये साधारण ६५ ते ७५ पीएसआय ठेवावी, आणि ती अंगठ्याने दाबून न ठरवता मीटर असलेल्या पंपाने मोजावी. रोड बाइकचा हवेचा वाल्व्ह बहुधा प्रेस्टा नावाचा, बारीक असतो. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याच्या नळीत तो बसत नाही. त्यासाठी पितळी टोपीएवढा एक अ‍ॅडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत कायम असावा.

"आहे त्या एमटीबीलाच गुळगुळीत टायर लावले तर?"

पहिल्या वर्षासाठी हा उपाय खरोखर चांगला आहे, आणि मी तो अनेकांना सुचवतो. वर दिलेल्या हिशेबातील सुमारे ७५ वॅटची दरी टायर बदलल्याने साधारण निम्मी बुजते. उरलेली निम्मी बसण्याच्या पद्धतीमुळे आणि वजनामुळे असते, ती टायरने जात नाही. गिअरची मर्यादाही तशीच राहते. पुढच्या सस्पेन्शनला लॉक असेल, तर सपाट रस्त्यावर तो लावावा, कारण उभे राहून पेडल मारताना चिमटा खाली-वर होऊन शक्ती शोषतो. टायर घेताना मात्र रिमची रुंदी दुकानदाराकडून तपासून घ्यावी; रुंद रिमवर फार अरुंद टायर बसवणे धोक्याचे असते.

याला जोडूनच एक जुनी समजूत येते: जड सायकलीवर सराव केला की हलक्या सायकलीवर माणूस उडतो. पायांना सायकलीचे वजन कळत नाही, किती ताकद किती वेळ लावली एवढेच कळते, आणि ती ताकद हलक्या सायकलीवर अधिक वेगाने जाऊनही लावता येते. शिवाय वाकून बसल्यावर कंबर, मान आणि मांड्या यांचे कोन बदलतात, आणि त्या स्थितीत तास-दीड तास राहण्याची सवय त्याच सायकलीवर लागते. एमटीबीवरचा सराव तोल, ब्रेक आणि वळण मात्र फार चांगले शिकवतो. फ्रान्सच्या पॉलिन फेराँ-प्रेव्हो यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एमटीबीचे सुवर्णपदक जिंकले आणि २०२५ मध्ये महिलांची पॅरिस-रुबे व महिलांची टूर दि फ्रान्स या दोन्ही रस्ता-शर्यती जिंकल्या. स्वार तीच राहिली, सायकल मात्र प्रत्येक जमिनीला वेगळी होती.

"दोन्हींच्या मधली सायकल नाही का?"

आहेत, आणि दोन प्रकारच्या आहेत. हायब्रिडला सरळ हँडल आणि मध्यम टायर असतात. ती शहरात रोज वापरायला सोयीची, पण शर्यतीत दोन्हीकडे मागे पडते. ग्रॅव्हल बाइकला ड्रॉप हँडल आणि साधारण ४० ते ४५ मिलिमीटरचे टायर असतात. ती मुरमाच्या रस्त्यासाठी आहे, आणि या प्रकाराच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा यूसीआयने २०२२ पासून सुरू केल्या आहेत. एकच सायकल परवडणारी असेल आणि शर्यतीचा प्रकार अजून ठरलेला नसेल, तर मी ग्रॅव्हलकडे झुकेन. गुळगुळीत टायर चढवले की ती रस्त्यावर रोड बाइकच्या बरीच जवळ जाते.

नियम आणि गट आधी वाचावेत

यूसीआयच्या नियमांनुसार चालणाऱ्या सामूहिक रस्ता-शर्यतीत ड्रॉप हँडलचीच सायकल चालते. हा नियम हौसेखातर केलेला नाही. ड्राफ्टिंगसाठी स्वार एकमेकांना जवळजवळ चिकटून जातात. तिथे ४२ सेंटिमीटरच्या हँडलांमध्ये ७० सेंटिमीटरहून रुंद सरळ हँडल शिरले, तर एकाच्या अडकण्याने वीस जण पडू शकतात. भारतातही रोड आणि एमटीबी यांच्या राष्ट्रीय स्पर्धा वेगवेगळ्या होतात.

स्थानिक शर्यतींत मात्र आयोजक पुष्कळदा रोड, एमटीबी आणि हायब्रिड असे गट करतात. एमटीबीच्या गटात नाव असेल, तर शर्यत डांबरावरची असली तरी प्रतिस्पर्धीही एमटीबीवरच असतात, आणि तिथे गुळगुळीत टायर लावलेली हलकी एमटीबी सर्वांत उपयोगी ठरते. टायर बदललेले चालतात की नाही, हे आयोजकांना लेखी विचारून घ्यावे. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या सफरींना अनेक जण शर्यत समजतात, पण त्या शर्यती नाहीत. तिथे २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि क्रमांक दिले जात नाहीत, त्यामुळे एमटीबीही चालून जाते.

पैसे आणि माप

सारख्याच किमतीच्या दोन सायकलींत रोड बाइकचे सुटे भाग बहुधा बरे असतात, कारण एमटीबीच्या किमतीतला मोठा वाटा सस्पेन्शनमध्ये जातो. स्वस्त सायकलीवरचे पुढचे-मागचे सस्पेन्शन तर टाळलेलेच बरे. त्यात स्प्रिंग असते पण तिला आवरणारी यंत्रणा नसते, त्यामुळे वजन वाढते आणि सायकल घोड्यासारखी उसळते. तेवढ्या पैशांत सस्पेन्शनशिवायची साधी, हलकी सायकल घ्यावी.

आणि मापाबद्दल मी आग्रहाने सांगतो. मूल वाढीचे आहे म्हणून दोन माप मोठी सायकल घेऊ नये. रोड बाइकवर हात लांब पडले तर मान आणि खांदे दुखतात, मूल खालच्या हँडलवर जाणेच टाळते, आणि मग वाऱ्याबद्दल वर लिहिलेला सगळा फायदा हातचा जातो. मापाची वापरलेली सायकल मापाबाहेरच्या नव्या सायकलीपेक्षा केव्हाही चांगली. वापरलेली घेताना फ्रेमच्या जोडांवर तडा, चाकाचा डगडग आणि चेनची झीज एखाद्या जाणत्या मेकॅनिककडून पाहून घ्यावी.

शेजारच्या मुलीसमोर सध्या डांबरावरच्याच शर्यती आहेत, म्हणून तिच्या वडिलांना मी तिच्या मापाची, २८ मिलिमीटरचे टायर असलेली रोड बाइक पाहायला सांगितले आहे, आणि जुनी एमटीबी विकू नका असेही. हिवाळ्यात चोरलच्या वाटांवर तिला तीच लागेल. नवी सायकल आल्यावर पहिले दोन आठवडे तिने घोळक्यात जायचे नाही, असे आमचे ठरले आहे. सुपर कॉरिडॉरच्या मोकळ्या टोकाला, उजाडल्यावर, खालच्या हँडलवरून ब्रेक दाबणे, एका हाताने बाटली काढून परत ठेवणे आणि मागे वळून पाहताना सायकल सरळ ठेवणे या तीन गोष्टी ती आधी पक्क्या करणार आहे.